ताट, लंगोटी आणि देवीची नथ

१

सोनाबाई गुरविणीने कुंकू लावण्यासाठी समई वर उचलली, आणि देवीचे नाक तिला मोकळे दिसले.

नथ नव्हती. काळ्या पाषाणाच्या त्या मुखावर, कित्येक पिढ्यांच्या शेंदरावर, नथीच्या जागी मेणाचा एक ओशट ओघळ तेवढा उरला होता.

चौलच्या वरच्या आळीत, जिथे नारळी-पोफळीच्या वाड्या संपतात आणि भाताची खाचरे सुरू होतात, तिथे ही नथ म्हणजे नुसता दागिना नव्हता. आळीतली प्रत्येक नवरी बोहल्यावर चढताना देवीची नथ नाकात घाली आणि लग्न लागल्यावर देवीला परत करी. एकोणीसशे चोपन्नच्या त्या वैशाखात पाळी रावजीच्या राहीची होती. रावजी म्हणजे आळीचा पंच. लग्न परवावर आलेले. नवरा खाचरापलीकडच्या काशीचा मुलगा रघू.

नथ दुपारच्या आत सापडली. पण सापडली ती रघूच्या घरात, भाताच्या कणगीत. आणि त्यामुळे ती हरवली होती त्याहून अधिक हरवल्यासारखी झाली.

ही वार्ता घेऊन राही जेव्हा खालच्या अंगाला तात्यांच्या वाडीत आली, तेव्हा तात्यांची अंबिका फणसाच्या सावलीत बसून रोमचा कायदा वाचत होती. मुंबईच्या विधी महाविद्यालयातली ती विद्यार्थिनी परीक्षेपूर्वीच्या सुट्टीसाठी घरी आली होती. वारा पानांतून जाताना पुस्तकावरची उन्हे हलत, आणि मेलेल्या सम्राटांची नावे क्षणभर जिवंत झाल्यासारखी दिसत. कधी काळी रोमकडची गलबते ह्याच किनाऱ्याला लागत, असे जाणते सांगत. त्यांतून मद्य उतरले, सोने उतरले; कायदा मात्र उतरला नाही. तो लांबच्या वाटेने आला. जिथे तो प्रथम कोरला गेला त्या रोमच्या बारा पाट्यांवरून ग्रंथांत, ग्रंथांतून इटलीच्या विद्यापीठांत, तिथून फ्रान्स-जर्मनीच्या संहितांत, थोडासा विलायतेच्या न्यायालयांत, आणि शेवटी इंग्रजांच्या सामानातून मुंबईत. साम्राज्ये बुडाली, प्रश्न तरंगत राहिले. हे कोणाचे? हे सिद्ध कोणी करायचे? तेच प्रश्न आता चौलात, एका मुलीच्या मांडीवर येऊन पडले होते.

"अंबे," पोफळींना पाणी सोडता सोडता तात्या म्हणाले, "तुझ्या रोमन लोकांनी नारळांविषयी काही लिहून ठेवलं आहे का?"

"आपल्या झाडाचं फळ शेजाऱ्याच्या जागेत पडलं, तर ते वेचू द्यावं, असं लिहिलं आहे, तात्या."

"मग आपला शेजारी रोमन नव्हे, एवढं नक्की झालं."

तेवढ्यात राही कुंपणाची आडकाठी ओलांडून आत आली. चौथीपर्यंत दोघी एका पाटावर बसलेल्या. एरवी राही आली की आधी हसू येई आणि मागून ती. आज ती एकटीच आली.

तिने सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाली, "दिवेलागनीला देवळात बैठक हाय. आबा म्हनतो, रघूनं चोरी कबूल केली तर लगीन मोडनार. न्हाय केली तरी मोडनार."

"मग कबूल करायची कशासाठी?"

"रघू बी तेच इचारतो."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तू एवढा कायदा शिकलीस, त्यो वाळत घातलायस का वापरनार हायस?" राहीने पदराच्या टोकाने कपाळ पुसले. "अंबू, रघू चोर न्हाय. त्याला जत्रेत बत्तासा उचलायचा झाला तरी आधी दुकानदाराकडं बघून हसतो. मला त्यो नवरा पायजे. दिवेलागनीपर्यंत सांग, नथ तिथं गेली कशी."

अंबिकेने पुस्तक मिटले. "कणगीतून नथ बाहेर काढली कोणी?"

"आतोबानं. कोंडाजीनं." राही थांबली. मग हळूच म्हणाली, "त्याच्याच पोराला आबानं मला दिली न्हाय."

२

भावाच्या मुलीवर आत्याच्या घराचा पहिला हक्क, हा त्या मुलखातला न लिहिलेला कायदा. रावजीच्या बहिणीने, म्हणजे कोंडाजीच्या बायकोने, तो मागितला होता. राहीने 'न्हाय' म्हटले होते. आणि रावजीने, पंच असूनही, लेकीचा निवाडा मान्य केला होता. तेव्हापासून कोंडाजी मेहुण्याच्या ओसरीवर त्याची तंबाखू खात नसे, स्वतःची खाई.

रावजी ओसरीवर बसला होता. भर वैशाखात अंगात काळा कोट होता, कारण तो दिवस पंचकीचा होता.

"ये बाय. तात्यास्नी बरं हाय ना?" तो म्हणाला. "राहीनं धाडली आसंल. पर ह्यात वकिलाचं काय काम न्हाय. नथ गेली, नथ गावली. गावली कुटं, त्ये समद्यांनी बघितलं."

"मी वकील अजून झाले नाही, रावजीकाका. मला नुसतं ऐकायचं आहे. झडती झाली कशी?"

हा प्रश्न त्याला आवडला. झडतीची कल्पना त्याचीच होती.

"रीतीनं झाली. उगा कुनाच्या घरात शिरायचं, त्या घरची अब्रू जाते. म्हनून आईला संगं घेतली. सोनाबाई आईच्या पायाशी असतं त्ये ताट घेऊन म्होरं, आमी मागं. ताटात अक्षता, फुलं, कुंकू. ज्या घरात आई जाईल, तिथल्या बाईनं अक्षता घेऊन कनगीत टाकायच्या, मग झडती. म्हंजे झडती बी झाली आन् आशीर्वाद बी. कुनाला राग नको." तो किंचित हसला. "लोक तर बोलावत हुते, आमच्याकडं बी या."

"तुम्ही प्रत्येक घरात गेलात?"

"रघूच्या न्हाय. व्याही मी त्या घरचा. व्याह्याच्या कनगीत हात कसा घालू? मी दाराशी हुबा राह्यलो, कोंडाजी आत गेला."

"आदल्या दिवशी नथ जागेवर होती?"

"सांजच्याला मी सोता बघितली. माज्या बत्तीच्या उजेडात." रावजीची छाती कोटात मावेना. "राहीच्या लग्नाची म्हनून आईला पेट्रोमॅक्स वाहिली. पार आईच्या तोंडाशी टांगली. आळीनं आईचं तोंड इतकं उजळ कदी बघितलं नसंल. रघू त्याच उजेडात देवळाच्या दाराला रंग देत हुता. समदी घरी गेली, त्यो उरला. मागनं बत्ती इझवून दार ओढून घेतलं त्यानंच. मग सांग, आनखी कुनाचं नाव घेऊ?"

त्याच्या आवाजात विजय नव्हता. घरात टांगलेली तोरणे स्वतःच्या हाताने उतरवावी लागणाऱ्या माणसाचा तो आवाज होता.

अंबिका उठली, आणि उठता उठता तिला पुस्तकातले एक पान आठवले, ज्यावर वर्गातली सारी मुले हसली होती. प्राचीन रोममध्ये चोरीचा माल शोधायला दुसऱ्याच्या घरात शिरायचे, तर शोधणाऱ्याने कपडे उतरवून, केवळ लंगोटी लावून, हातात ताट धरून शिरायचे. पुढच्या काळातल्या एका रोमन पंडितालाही हा नियम हास्यास्पद वाटला होता. पण आता, रावजीच्या ओसरीवर, तिला तो हसण्यासारखा वाटेना. तो कायदा घरधन्याच्या आधी झडती घेणाऱ्याकडे बोट दाखवत होता. नेसूच्या घडीत, बाहीच्या आत, वस्तू घेऊन जायची आणि तीच 'सापडली' म्हणून वर काढायची, ह्याहून सोपे काय?

आणि ज्याला लग्न मोडायला हवे होते, तोच आत गेला होता.

"काका, कोंडाजी आत शिरला, तेव्हा त्याच्या अंगावर काय काय होतं?"

रावजीने आठवून पाहिले.

"अंगावर? काय बी न्हवतं."

३

कोंडाजी माडावर होता. अंबिकेला त्याचे तळवे दिसत होते आणि त्यांच्या वर, हिरव्या झावळ्यांत, दोन मिस्कील डोळे.

"बाजूला सर, बाय. नारळाला वकील वळखू येत न्हाय."

"सकाळी झडतीला बोलावलं तेव्हाही तुम्ही वरच होता?"

"व्हय. रावजीची हाक आली, उतरलो तसाच गेलो. कमरेला लंगोटी, आन् घाम. मेव्हना कोट घालून न् मी हा असा. लोक म्हनाले, पंच कोन न् चोर कोन, कळंना."

"आणि हात?"

"हात सोनाबाईनं धुवायला लावले. आईच्या ताटाम्होरं चिकाचे हात चालत न्हाईत म्हनाली. अंगनात, समद्यांदेखत धुतले, झाडले, मग आत." तो सरसर खाली आला, कोयता कमरेच्या आकड्याला अडकवला, आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. "तुज्या मनात काय हाय त्ये कळलं मला. बाय, खोटं न्हाय बोलत. ह्ये लगीन मोडलं तर माजी बायको साखर वाटंल. आन् ती वाटताना मी बी एक चिमूट तोंडात टाकीन. पर देवीची नथ कनगीत टाकून पोराला सून आनायची? आसल्या सुनंच्या हातची भाकर गळ्याखाली उतरंल का?"

"नथ कणगीत कुठे होती? तळाशी?"

"वरच. हात घातला न् घातला, लागली. टोचली, आन् बोटाला चिकटली. मला बी नवलच वाटलं." त्याने मान खाजवली. "आता चोर म्हंजे कसा आसावा? मी चोरली असती तर कोपरापत्तूर हात घालून खाली पुरली असती. ह्यो म्हंजे, घराला कुलूप लावून चावी दारालाच टांगल्यावानी झालं."

माडांच्या माथ्यावरून वारा समुद्राकडे निघाला होता आणि तिचा संशय तो बरोबर घेऊन चालला होता. लंगोटीवरचा माणूस, धुतलेले हात, अंगणभर साक्षीदार. बारा पाट्यांनीदेखील ह्याहून कडक झडती मागितली नसती. ज्या एका माणसाला कारण होते, त्याला रोमने निर्दोष सोडले होते.

म्हणजे नथ आधीच घरात होती. आणि घर रघूचे होते.

४

काशीच्या अंगणात मांडव घातला होता. त्याच्या खांबाला टेकून रघू बसला होता. हाताला दाराचा हिरवा रंग अजून लागलेला. अंबिकेला पाहून तो उठला आणि, राहीने सांगितल्याप्रमाणे, आधी हसला.

"मी न्हाय घेतली," तो म्हणाला. "पर असं समदेच म्हनत असतील ना?"

"चोर असतो तो जास्त म्हणतो. बत्ती तू विझवलीस, तेव्हा देवीकडे पाहिलं होतंस?"

"लांबनंच हात जोडले. बत्ती विझली की डोळ्याम्होरं अंधारच येतो, दिसनार काय?"

काशी आतून बाहेर आली. विधवेपणी एकटीने खाचरे कसून पोर वाढवलेली ती बाई. तिच्या रागालाही नांगराची ओळ होती, सरळ आणि खोल.

"तू बी कनगी बघायला आलीस का, पोरी? बघ. आज आमची कनगी समद्या आळीची झाली."

"मावशी, मी तुमच्या बाजूने आले आहे."

"बाजू न्हाय मागत. इस वर्सं ह्या घरातनं मी काय घेतलं, काय दिलं, आळीला ठावं हाय. तरी दाराशी व्याही हुबा न् आत झडती." तिचा आवाज जरा लवला. "ये. बघ."

कणगी माजघराच्या कोपऱ्यात होती, उंच, शेणाने सारवलेली. आत सोनेरी टरफलांचे भात काठोकाठ. मधोमध हातभर जागा उसकटलेली, आणि तिथे चाफ्याची दोन-तीन कोमेजलेली फुले.

"ही फुलं?"

"आईच्या ताटातली. बाकीच्यांनी चिमूटभर अक्षता घेतल्या. माजं लगीनघर, म्हनून सोनाबाईनं ताट तिरकं करून माजी वटीच भरली, पदर भरून. ती तशीच कनगीत रिकामी केली."

"ओटीत काय काय होतं?"

काशीने तिच्याकडे असे पाहिले, की शहर माणसाला किती अडाणी करते ते तिला त्या क्षणी कळले असावे. "देवीनं दिलेलं निरखून बघतात का, पोरी? डोळे मिटून घ्यायचं न् मिटूनच ठेवायचं."

अंबिका तिथून थेट देवळात गेली. नथ आता देवीच्या पायाशी, केळीच्या पानावर ठेवलेली होती. बैठक होईपर्यंत तिला हात लावायचा नाही, असा रावजीचा हुकूम. सोनाबाई जवळ बसून वाती वळत होती.

"हात नाही लावत, सोनाबाई. नुसती पाहते." अंबिका पानावर वाकली.

मोठ्या मोत्यांची, जुन्या घडणीची नथ. नाकाशी टेकणाऱ्या तारेवर मेणाचा गोळा, बोटांनी चेपल्यासारखा. आणि त्या मेणात एक दाणा रुतून बसला होता.

लाल, टोकदार, अखंड.

तो तांदूळ होता. कणगीत भात होता.

५

देवळातून वरच्या आळीकडे जाणारी वाट खाचरांच्या बांधावरून जाते. वैशाखात खाचरे भाजून राखाडी होतात, आणि त्यांच्यावर आभाळ इतके मोठे दिसते की माणसाला आपला विचारही बारीक वाटू लागतो. त्या बांधावर अंबिका बराच वेळ उभी राहिली.

कुंकवात माखलेला अखंड तांदूळ म्हणजे अक्षता. कणगीतल्या टरफलाच्या भातात तो मेणात रुतू शकत नव्हता; रुतला असता तर भाताचा दाणा. म्हणजे मेण मऊ असताना नथ अक्षतांत पडलेली होती. आणि अक्षता आळीभर फिरल्या त्या एकाच ताटातून.

पुन्हा तिला ते पान आठवले. लंगोटीचे कोडे सुटले होते; राहिले होते ताटाचे. ते हातात कशाला? कोणी म्हणे, दोन्ही हात गुंतावेत म्हणून. कोणी म्हणे, सापडलेली वस्तू त्यात ठेवावी म्हणून. हसणाऱ्या त्या पंडिताने दोन्ही कारणे मोडीत काढली होती. पण एक गोष्ट कोणीच बोलली नव्हती, कारण रोमन माणसाला ती बोलायची गरज वाटली नसावी: ते ताट रिकामे असायचे. भरलेल्या ताटाचा काय भरवसा?

आळीने सगळे तपासले होते. कणग्या, उतरंडी, पेट्या, कोंडाजीचे हात. तपासला नव्हता तो फक्त साक्षीदार. देवीच्या ताटावर कोण संशय घेईल? त्यात वाकून कोण पाहील? तिच्या मनात तो सगळा देखावा उभा राहिला: पुढे सोनाबाई, मागे काळ्या कोटातला पंच, आणि हरवलेली नथ सगळ्यांच्या पुढे, चाफ्याच्या फुलांखाली, डुलत डुलत स्वतःला शोधायला निघालेली. बांधावर एकटी उभी असताना ती मोठ्याने हसली. दूर चरणाऱ्या बैलाने मान वर करून तिच्याकडे पाहिले.

पण हसून भागणार नव्हते. नथ ताटात पडली कशी, हे दाखवल्यावाचून बैठक ऐकणार नव्हती. मेणावर ती वर्षानुवर्षे टिकली होती. ऐन लग्नाच्या तोंडावर तीच का निसटली?

सूर्य समुद्राच्या बाजूला कलला होता. अंबिका पुन्हा रावजीच्या ओसरीशी आली.

"रावजीकाका, एक विनंती आहे. बैठकीला तुमची बत्ती लावा. काल होती तिथेच."

"देवीच्या तोंडाशी?"

"अगदी तिथेच," ती म्हणाली. "तुमच्या जावयाची साक्षीदार आहे ती."

६

दिवेलागणीला सगळी आळी देवळात जमली. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. मधे रघू, आणि त्याच्यामागे भिंतीसारखी काशी. तात्याही आले होते, नुसते बघायला, असे त्यांनी दोनदा सांगितले. बत्ती फुसफुसत होती आणि देवीचे मुख लख्ख उजळले होते.

रावजी म्हणाला, "रघूनं सांगावं, नथ त्याच्या घरात कशी आली."

"त्याने का सांगावं, काका?" अंबिका पुढे झाली. "जो आरोप करतो त्याने सिद्ध करायचं. जो नाही म्हणतो, त्याने नव्हे. हे मी म्हणत नाही, रोम म्हणतं. आणि त्याच्यामागून अर्धं जग."

"रोम कंच्या आळीतलं?" कोंडाजीने विचारले.

"खालच्या आळीतलं," तात्या म्हणाले, "पण आता वर राहायला आलं आहे."

हशा पिकला. अंबिकेने सोनाबाईला नथ काल होती तशीच मेणाने लावायला सांगितली, आणि देवीच्या पायाशी ताट ठेवायला. अक्षता, फुले, सगळे रोजच्यासारखे. मग ती म्हणाली, "आता थोडं थांबायचं. तोवर सोनाबाई, सांगा, आज सकाळी तुम्ही आधी काय केलंत?"

"ताटात ताजी फुलं घातली, मूठभर अक्षता घातल्या. मग कुंकू लावाया समई वर धरली."

"म्हणजे आधी ताट भरलंत, आणि मग देवीकडे पाहिलंत."

"आत अंधार असतो, बाय. आधी पाय, मग तोंड. देवीची रीतच ती."

मेणाची कड आधी चकाकली. मग नथ जराशी झुकली, लाजल्यासारखी. एखाद्या म्हाताऱ्याने घसा खाकरला, पोर रडले, त्याला आईने गप्प केले. आणि सगळे डोळे लावून बसले असतानाच देवीच्या नाकावरून नथ सुटली आणि ताटातल्या अक्षतांत पडली.

आवाज झाला नाही. तांदळावर पडणाऱ्या वस्तूचा आवाज होत नाही. काल समोर रंग देत बसलेल्या माणसालाही तो आला नसता.

अंबिकेने खाली वाकून नथ उचलली. मेणात अक्षतांचे दाणे रुतले होते. ती उलगडून सांगू लागली: काल बत्तीच्या धगीने मेण कसे सुटले, सकाळच्या फुलांखाली नथ कशी झाकली गेली, ताट घरोघर कसे फिरले, चिमटीत ती कोणाच्या का आली नाही, आणि लगीनघर म्हणून ताट तिरके झाले तेव्हा ती काशीच्या ओटीतून कणगीत कशी उतरली. "म्हणून ती वरच सापडली. कोंडाजीने हात घालण्यापूर्वी क्षणभर ती तिथे पडली होती. चोर कोणीच नाही. झडतीनेच नथ घरात नेली, आणि झडतीनेच ती बाहेर काढली."

सोनाबाईने दोन्ही हात गालांवर ठेवले. "म्हंजे मीच वाहून नेली का, आई?"

"तू न्हाय," रावजी म्हणाला. तो बत्तीकडे पाहत होता. मग त्याने कोटाची बटणे सोडली, कोट काढला, आणि घडी करून खांद्यावर टाकला. जणू पंचाचे काम संपले आणि बापाचे सुरू झाले. "बत्ती माजी हाय."

"उजेड लई पडला, मेव्हन्या," कोंडाजी म्हणाला. "इतका की काय दिसंना."

ह्यावर रावजीसुद्धा हसला, आणि मग ते हसू आळीभर पसरले. राही बायकांत उभी होती. तिचे हसू ह्या खेपेस तिच्या आधी आले, रघूपर्यंत पोचलेही. पण रघूची आई हसत नव्हती. हळूहळू सर्वांच्या ते लक्षात आले.

रावजी तिच्यापुढे गेला. "इहीनबाय, चुकलो. लगीन ठरल्याप्रमानं. तुमी म्हनाल तर."

सकाळपासून सगळे रावजी काय ठरवणार ह्याची वाट पाहत होते. ठरवायचे आता काशीच्या हाती होते.

"मी म्हनीन तर," काशी सावकाश म्हणाली. "सकाळधरनं आमच्या घरी हळद दळलेली न्हाय. दळनाऱ्या बाया झडती बघून घरी गेल्या. आता कोन दळंल?"

"समद्या येतील उद्या."

"समद्या न्हाय. समदे. जे जे झडतीला दाराशी आलं हुतं, ते समदे पुरुस. माज्या घरात हात घातलात ना, मग पुरता घाला."

दुसऱ्या दिवशी, ऊन वाडीत उतरायच्या आत, काशीच्या मांडवात जे दिसले ते चौलने आधी पाहिले नव्हते. जात्याच्या एका बाजूला रावजी, दुसऱ्या बाजूला कोंडाजी, खुंट्यावर दोघांचे हात. भोवती पाळीची वाट बघणारे बाप्ये, आणि त्यांच्याभोवती पोट धरून हसणाऱ्या बायका. हळदीने कोंडाजीच्या मिश्या पिवळ्या झाल्या होत्या. त्याची बायको, राहीची आत्या, भिंतीशी तोंड फिरवून बसली होती. पण ओव्या म्हणायला पुरुषांना येईना. जाते अडखळू लागले. तेव्हा तिच्याच्याने राहवले नाही, आणि पाठमोरी असतानाच तिने भाचीच्या नावाची पहिली ओवी उचलली.

अंबिका उंबऱ्याशी उभी होती. ओवीच्या त्या सुरात रोमपेक्षाही जुने काहीतरी होते, आणि ते कुठल्याच पाटीवर कोरलेले नव्हते.

"इहीनबाय," रावजी धापा टाकत म्हणाला, "बारीक होतेय का?"

काशीने वाकून चिमूटभर हळद बोटांत चोळली, उजेडाकडे धरून नीट निरखली, आणि त्याच्या कपाळाला लावली.

"जातं उलटं फिरवतोस, व्याह्या," ती म्हणाली. "सुलट फिरव. उद्या लगीन हाय."